चौथ्या खाटेची कूस

हडपसरच्या त्या छोट्या दवाखान्यात तनुजा सिस्टर एकटी बारा खाटा सांभाळायची. डॉक्टरीण कुसुमताईंना दुसरी सिस्टर परवडत नव्हती म्हणे. बाहेरची पाटी मात्र दिवसाढवळ्या विजेवर चमकायची.

चौथ्या खाटेवर हिंमतराव. कमरेखाली लुळे, माकडहाडावर जखम. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर जखम हाडाला जाऊन भिडते आणि माणूस हातचा जातो. खाटेला तक्ता टांगलेला. वेळ लिहायची, डावी की उजवी ते लिहायचं, सही करायची. तनुजा काय करायची? सकाळी आठलाच दिवसभराच्या सह्या ठोकून मोकळी. कूस बदलायची राहूनच जायची.

सोमवारी दुपारी दोनला कूस बदलायची अशीच राहिली. तीनला धावत आली, तर म्हातारा डाव्या कुशीवर. पाठीला उशी, गुडघ्यांत उशी.

"कुणी वळवलं, आजोबा?"

"मघाच्या बाईनं. हात गार हायेत तिचे, पण उचलती नीट. तू नुसती फरफटत नेतीस."

वॉर्डात दुसरी बाईच नव्हती. तनुजानं पुढं विचारलं नाही. काम होतंय ना, मग झालं. रोज तेच चाललं. तक्त्यातली वेळ झाली, की म्हातारा वळलेला. जखम सुकत चालली. कुसुमताई ड्रेसिंग बघून म्हणाल्या, "अरे वा, काम करता की तुम्ही!"

शुक्रवारी मात्र तिला राहवेना. तक्ता कोरा ठेवला आणि दोनला स्वतः खाटेपाशी उभी राहिली. लाइट गेलेली, पंखा बंद, स्पिरिटचा वास कोंडलेला. तिनं हिंमतरावांच्या पाठीखाली हात घातले...

तिथं आधीच कुणाची तरी बोटं होती. गार. ओलसर.

"दमानं..." म्हातारा डोळे मिटून पुटपुटला. "आज दोघी हाय व्हय?"

तनुजानं हात ओढून घेतले. म्हातारा तरी अलगद वळला. पट्टी सुटून खाली पडली. जखम नव्हती. वणसुद्धा नव्हता. कातडी तान्ह्या पोराची असावी तशी.

संध्याकाळी घरी अंगावर पाणी घेतलं, तसं माकडहाडापाशी चरचरलं. आरशाकडे पाठ करून पाहिलं. चिंचोक्याएवढा लाल डाग.

असा डाग दिसला की सिस्टर बोटानं दाबून बघतात. पांढरा पडला तर बरं. लालच राहिला, तर आत मांस मरायला लागलंय. पण तो पडतो अंथरुणाला खिळलेल्याला. तनुजा तर बारा तास पायांवर उभी होती.

तिनं बोट दाबून धरलं. मनात दहा मोजले. मग काढलं.

डाग तसाच लाल होता.