वाघाला कोण सांगणार

चंद्रिका टेबलाखाली ओणवी होऊन जीव तोडून डरकाळी फोडत होती, तेवढ्यात वर्गाच्या दारात एक अनोळखी तरुण काठी उगारून उभा राहिला.

"बिबट्या कुठाय?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"मीच आहे," ती म्हणाली… आणि मग तिला अशी लाज वाटली की टेबलाखालून बाहेर कसं यावं तेच सुचेना.

त्यानं काठी खाली केली. भिजलेल्या केसांतून पाणी गळत होतं आणि हसू दाबताना गालाला खळी पडत होती. ती खळी चंद्रिकानं पाहिली, आणि पाहिली नाही असं स्वतःला बजावलं.

तो उमेश. घोलवडच्या नर्सरीतली चिकूची कलमं टेम्पोनं गावोगाव पोचवायचा. त्या दिवशी कैनाडपुढच्या या पाड्यावरच्या शाळेत पाच कलमं द्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी तो सहावं कलम घेऊन आला. तिसऱ्या दिवशी आला तो कलमांना पाणी घातलंय का ते बघायला. परतीचा पाऊस धो धो कोसळत असताना कलमांना पाणी कोण घालतं, हे चंद्रिकाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो यायचा थांबला असता ना.

शिवाय तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ती कंत्राटी शिक्षिका, नेमणूक दिवाळीपर्यंतची. इथली पोरं गुरांमागे असली की या टेकडीवरची हाक त्या टेकडीवर पोचवायची, आणि वर्गात उभं केलं की ओठ शिवल्यासारखी गप्प. म्हणून तिनं रोज दुपारी अर्धा तास नाटकाचा खेळ सुरू केला होता. 'घरी चल', एवढे दोनच शब्द. पण हट्टी बकरीला ते कसे म्हणाल, रुसलेल्या मैत्रिणीला कसे, आणि दिवेलागणीला वाट चुकलेल्या धाकट्या भावाला कसे? पोरांचे आवाज हळूहळू मोकळे होत गेले. एक सुकी सोडून. दुसरीतली सुकी नुसते ओठ हलवायची.

केंद्रप्रमुखांना मात्र हा अर्धा तास फुकट गेलेला वाटत होता. शुक्रवारी येऊन बघतो, असं ते बजावून गेले होते. मुलं मोकळेपणानं बोलली तर खेळ चालू राहील आणि चंद्रिकाच्या नेमणुकीची शिफारसही होईल. नाहीतर दिवाळीनंतर तिच्या जागी दुसरं कुणी. आणि नेमकी शुक्रवारसाठी बसवलेल्या नाटकातच पोरं मुकी झाली होती. गावात वाघ येतो, गावकरी काठ्या घेऊन त्याला मारतात, अशी गोष्ट तिनं चार दिवस खपून लिहिली होती. 'मारा' म्हणायची वेळ आली की तेवीसच्या तेवीस पोरं जमिनीकडे बघत राहायची.

बुधवारी तिचा धीर सुटला. शाळा सुटल्यावर ती पायरीवर बसून रडली. उमेश त्या दिवशी कलमांना आधाराच्या काठ्या लावायला आला होता. तो हातभर अंतर ठेवून शेजारी बसला.

"बाई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला."

"इकडं येताना वाटेत शेंदूर लावलेला दगड लागतो, वाघ कोरलेला. तुम्ही काय करता तिथं?"

"हात जोडते. रोजच…"

सरावलीला तिच्या आजीच्या घरी वाघबारशीला वाघदेवाला नारळ दिल्याशिवाय कुणी जेवत नसे. त्याच देवाला ती रोज हात जोडत होती, आणि वर्गात जाऊन पोरांना त्याच्यावर काठी उगारायला सांगत होती.

"आमच्यात वाघाला मारत नाय," उमेश म्हणाला. "त्याला सांगतात. नीट, समजावून."

"आणि तुम्ही काठी घेऊन आलात, ते?"

"नुसती उगारली. वाघ असा निघेल… ते काय माहीत होतं?"

चार दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

गुरुवारी तिनं ती गोष्ट फाडून टाकली आणि पोरांनाच विचारलं, तुमच्या घरचे वाघाला काय सांगतात? वर्गात एकच कालवा झाला. चौथीतला काकड्या तर आजोबांचा आवाज काढून बोलला. चंद्रिका दिवसभर वाघ होऊन गुरगुरली, आणि शुक्रवारी सकाळी उठली तर तिचा घसा पार बसलेला.

आता वाघ कोण होणार? टेम्पो फाटकाशी उभाच होता. मला पाठ काहीच नाही, असं उमेश सांगत राहिला; तिनं त्याच्या अंगावर पोतं टाकलं आणि मनगट धरून त्याला वर्गात ओढलं. मनगट सोडायचं तिला जरा उशिराच सुचलं.

केंद्रप्रमुख मांडीवर वही घेऊन बसले. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. काकड्या उभा राहिला, त्यानं केंद्रप्रमुखांच्या खुर्चीकडे बघितलं, आणि त्याची बोबडी वळली. त्याच्यानंतर उठलेली तुळशी काहीतरी पुटपुटून खाली बसली. केंद्रप्रमुखांनी पेनाचं टोपण काढलं. चंद्रिकाला ओरडून धीर द्यायचा होता, पण घशातून नुसता वारा निघत होता.

तेवढ्यात उमेश रांगत पुढं आला आणि भलतंच बोलला.

"मला गाई नको, नारळ पण नको," तो गुरगुरला. मग मान वळवून त्यानं चंद्रिकाकडे पाहिलं… पोत्याखालचे ते डोळे काही खेळातले नव्हते. "मी तुमच्या बाईंना घेऊन जातो."

चंद्रिकाचे कान तापले.

"बाईंना नाय न्यायचा."

मागच्या रांगेतून सुकी उठली होती. ती थेट वाघासमोर येऊन उभी राहिली. "वाघदेवा, तू मोठा हायस," ती लाडीगोडी लावत म्हणाली. "तुला नारळ देऊ, कोंबडा देऊ, दर वर्षाला देऊ." आणि मग तिचा आवाज चढला, थरथरला, पावसाच्याही वर गेला. "पण बाई आमच्या हायत. तू तुझ्या डोंगरात जा."

तिच्यामागोमाग सगळी पोरं बोलू लागली. कुणी दटावून, कुणी विनवून. केंद्रप्रमुख कितीतरी वेळ लिहायचंच विसरले. मग त्यांनी त्या पोरीचं नाव विचारलं, आणि जाताना मुख्याध्यापकांना शिफारशीचा कागद तयार ठेवायला सांगून गेले.

पाऊस ओसरला. फाटकाशी उमेश पोत्याची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता.

"मला उत्तर मिळालं," तो म्हणाला. "डोंगरात जा."

"ते सुकीचं," चंद्रिका कुजबुजली. "मला अजून कुणी विचारलेलंच नाही."

एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारा तो, पण आता त्याचीच बोबडी वळली. त्यानं एकदा कलमांकडे पाहिलं, एकदा टेम्पोकडे… मग तिच्याकडे.

"घरी चला," तो हळूच म्हणाला.

बकरीला म्हणायचा तो आवाज नव्हता, मैत्रिणीला म्हणायचाही नव्हता. हा आवाज तिनं वर्गात कुणाला शिकवला नव्हता. चंद्रिकाचे डोळे भरून आले. तिनं उत्तर दिलं, पण ते तिचं तिलाच ऐकू गेलं नाही.

"काय म्हणालात?" त्यानं कासावीस होऊन विचारलं.

ती पुन्हा म्हणाली. ओठ हलले, आवाज फुटेना.

खिडकीच्या गजांना धरून सुकी उभी होती. तिनं बाईंच्या ओठांकडे नीट निरखून पाहिलं. नुसत्या ओठांचं बोलणं तिच्याइतकं कुणाला कळणार होतं?

"बाई 'येते' बोलतात," तिनं अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "पण रोज सकाळी शाळेत आणून सोडायच्या."