चौकशीला आलेला पाहुणा

देवमाता अंजनीने ज्याच्या माथ्यावर तप केले असे भाविक मानतात, त्या अंजनेरीच्या कातळावर माघातले कोवळे ऊन पसरले होते. साल एकोणऐंशी. रावजीभाऊंच्या गिर्यारोहण मंडळाने त्या दिवशी सोपी वाट निवडली होती. पायथ्याशी एक अनोळखी तरुण आला आणि नम्रपणे म्हणाला, "मी गोरक्ष. मुंबईच्या मंडळातला... सराव आहे मला."

रावजीभाऊंनी त्याला मंदाकिनीच्या जोडीला दिले. तिच्याइतके स्थिर पाऊल मंडळात कुणाचे नव्हते. तिने पाहिले — विहिरीवर कळशीला फास घालावा, तसा त्याने दोर कमरेला घातला होता.

"मुंबईत अशीच गाठ मारतात?"

"हो... म्हणजे—"

"सोडा ती."

तिने स्वतः गाठ बांधली. बोटे सदऱ्याला निसटती लागली आणि तो गाठीकडे न पाहता तिच्याकडेच पाहू लागला. तिचे मन मात्र सावधच होते. गेल्या वर्षी जमत आलेले स्थळ मोडले होते. मुलगी परक्या पुरुषांबरोबर एका दोराला बांधून घेते, असे कुणी मुलाकडच्यांच्या कानावर घातले होते. पुन्हा तसे घडले तर डोंगर बंद, असे बाबांनी बजावले होते. आणि आता पिंपळगावची मंडळी तिला पाहायला येणार होती.

"शाळेतून घरी यायला उशीर होतो का हो तुम्हाला?" चालता चालता गोरक्षने विचारले.

"मी शाळेत शिकवते, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याला अकस्मात शेजारच्या गवताचे अपार कौतुक वाटू लागले.

मंदाकिनी पुढे चढून एका कपारीत बसली. मग तो चढू लागला. अर्ध्या वाटेवर रुंद पायरीशी तो पोहोचला, तेव्हा तिने दोर घट्ट धरला. पण वर ओढला नाही.

"गोरक्ष, कुणी पाठवलं तुम्हाला?"

"इथे... इथे विचारता?"

"सावकाश सांगा. हवा छान आहे."

खालून रावजीभाऊ ओरडले, "का गं थांबलात?"

"पाहुणे विचार करतायत!"

त्याने कातळाला गाल टेकला. "पिंपळगावच्या आत्यानं. आतेभावासाठी स्थळ बघतायत ना... मुलगी कुणाबरोबर डोंगरावर जाते, बघून ये म्हणाली."

तिच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "मग काय सांगणार?"

"खरं तेच. मुलगी डोंगर सोडणार नाही."

"स्थळ मोडेल. माझा डोंगरही जाईल."

"स्थळ मोडावं म्हणूनच सांगणार. आतेभाऊ जिन्यालासुद्धा घाबरतो हो! आणि डोंगराचं... तुमच्या बाबांशी मी बोलेन. म्हणेन, मुलाला डोंगर चढणारीच मुलगी आवडते."

"कोणत्या मुलाला?"

त्याचे कान लाल झाले. "हा... आत्ता अडकलाय, त्याला."

"हेही आत्यानंच शिकवून पाठवलंय?"

"आत्याला कळलं तर घरात घेणार नाही मला!"

तिने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिले. भीती होती, परंतु दृष्टी ढळत नव्हती. तिने हळूहळू दोर ओढायला आरंभ केला. तो धापा टाकत कपारीत आला आणि तिच्यापासून अदबीने अंतर राखून बसला.

"माझी चौकशी झाली," ती म्हणाली. "तुमची कुणी करायची?"

"आई आहे वणीला. धोंडाबाई. देवीच्या वाटेवरच घर आहे. कुणालाही पाठवा."

"पाठवायचं कशाला? मीच येईन."

"मुलगी... स्वतः मुलाच्या घरी? आमच्याकडे पद्धत नाही तशी."

"आमच्याकडेही नाही." तिने वाऱ्याने उडणारी बट कानामागे सारली. "शनिवारी येते. तुम्ही मात्र त्या दिवशी घरी थांबू नका... तुमच्यासमोर आई खरं कसं सांगतील?"