खापरच्या गच्चीवरचं दुसरं पॅनल

हे घडलेलं आहे. रचलेलं असतं तर त्यात अमावस्या असती, पिंपळ असता. यात फक्त खापर गावातली एक गच्ची आहे... आणि रोजा सोडायची वेळ.

मार्च २०२४. नववा रोजा.

ज्याला पटत नाही त्याने जाहेदाच्या घरी जावं. गच्चीवर आता एकच पॅनल आहे. शेजारी नुसता रिकामा सांगाडा उभा आहे.

जाहेदाची हुमा तेव्हा चौदा महिन्यांची. छाती भरली की तिचा श्वास शिटीसारखा वाजायचा. मग वाफेचं मशीन लावायचं, वीस मिनिटं. पण खापरची लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मुजफ्फरने, तिच्या नवऱ्याने, सुटकेसएवढा एक बॅटरीचा डबा आणला. त्याला पॉवर स्टेशन म्हणतात. सोबत एक सोलर पॅनल.

एका पॅनलवर डबा भरायचा नाही. रमजान लागायच्या आदल्या दिवशी मुजफ्फर दुसरं पॅनल घेऊन आला. जुनं. दुसऱ्याच कंपनीचं. चौकटीला लुगड्याची चिंधी बांधलेली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून.

गाठ पक्की होती. कुणीतरी दाताने ओढून मारलेली.

"कुठून आणलंत?"

"भंगारात मिळालं."

"चालेल का? कंपनी वेगळी आहे."

"व्होल्टेज जवळजवळ सारखंच आहे. प्लसला प्लस, मायनसला मायनस. सासू-सून आहेत म्हण, नांदतील."

आणि नांदली. पहिल्या रोज्याला दुपारपर्यंत डबा भरला. जाहेदाने मनातल्या मनात नवऱ्याला दुवा दिली.

संध्याकाळी मगरिबची अजान झाली. तिने खजूर तोंडात टाकला आणि सहज डब्याकडे पाहिलं.

सगळे स्विच बंद होते.

तरी डबा आउटपुट, म्हणजे बाहेर जाणारी वीज, दाखवत होता... सात वॉट.

सात वॉट म्हणजे एक छोटा बल्ब.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ऊन असेपर्यंत काही नाही. सूर्य टेकला की... सात.

"जुनं पॅनल उलटा करंट ओढतंय," मुजफ्फर म्हणाला. "डायोड टाकतो, उलटं जाणारं अडेल."

डायोड टाकला.

सात.

"डबाच चुकीचा दाखवतोय मग. पॅनलच्या वायरीतून करंट बाहेर जातच नाही. तसा रस्ताच नाही त्याला."

हे सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. जाहेदाने तेवढं टिपलं.

नवव्या रोज्याला दिवसभर ढग होते. लाइट दुपारपासून गेलेली. डब्यात एकतीस टक्के. आणि अजानच्या तोंडावर हुमाची शिटी वाजायला लागली.

जाहेदाने मशीन लावलं. लेकीला मांडीवर घेतलं, मास्क धरला. "झालं हां माझ्या चिमणे, झालं..."

एकतीस.

सव्वीस.

एकोणीस.

मशीन एवढं खात नाही. डबा पीप-पीप करायला लागला. आउटपुटचा आकडा चढत होता... दोनशे, अडीचशे. कुणीतरी पलीकडून जिवाच्या आकांताने ओढत होतं.

"हिला धरा," ती मुजफ्फरला म्हणाली आणि जिना चढली.

गच्चीवर कोणी नव्हतं.

आवाजही नव्हता. अजान संपलेली, वारा पडलेला.

पहिलं पॅनल कोरडं होतं. दुसऱ्याच्या काचेवर... वाफ होती. आतून.

वाफ यायची, जायची.

यायची... जायची.

जाहेदा घाबरली नाही. तिला राग आला. खाली तिची लेक श्वासासाठी तडफडत होती आणि हे इथे तिच्या वाटचं पीत होतं.

"माझ्या पोरीचं आहे ते," ती म्हणाली आणि वायरीचा जोड दोन्ही हातांनी उपटला.

काचेवरची वाफ गेली.

पुन्हा आली नाही.

खाली मशीन पूर्ण वीस मिनिटं चाललं. चार टक्के उरले होते. हुमा झोपली. जाहेदाने तिला थोपटलं, तिच्या केसांचा वास घेतला आणि उठून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"भंगारातल्या पॅनलला चिंधीची गाठ कोण मारतं? कुणाच्या छपरावरून काढलंस?"

लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्याशी एकेरीत बोलली.

मुजफ्फरने मशीनची वायर गुंडाळून ठेवली. मग बोलला. डोंगरातल्या काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावर तो पंप बसवायला गेला होता. एका घराला बाहेरून आगळ होती. ऊसतोडीला जाताना लोक घर बंद करून जातात, तसंच असेल असं त्याला वाटलं.

"आता होळीपर्यंत कोण येतंय, म्हटलं..."

"आणि नाव भंगाराचं?"



दुसऱ्या दिवशी तिने हुमाला कडेवर घेतलं, मुजफ्फरला पॅनल उचलायला लावलं आणि दोघं पाड्यावर गेले.

आगळ काढलेली होती. ओट्यावर शेजारीण बसली होती, रेवाबाई. पॅनल पाहून तिचा चेहरा कडू झाला.

"आते कसाले आनं?" ती बाजारच्या अहिराणीत म्हणाली. "डोकरी तर गई."

त्या बंद घरात दिवलीबाई नावाची म्हातारी होती. पोरगा-सून उसाला गुजरातेत. म्हातारीला उठवत नव्हतं, शेळ्या आत शिरू नयेत म्हणून शेजारीणच बाहेरून आगळ लावायची. भाकरी रेवाबाई द्यायची.

मुजफ्फरने मान खाली घातली.

"छपरावरलं सोलर कोनी लई गया, माले मालूम नही," रेवाबाई म्हणाली. "तार तुटेल शे, देख. पन बत्ती रोज लागे. सांज व्हई का लागे. आख्खा पाडानी देखी."

तुटलेली वायर भिंतीवर लोंबत होती. दोन्ही टोकं उघडी.



"म्हातारी... कधी गेली?"

"काल सांजले. बत्ती झपकन गई, म्हनीसन मी पळत गऊ." रेवाबाईने पदराने डोळे पुसले. "आंग आजून ऊनच व्हतं."

हुमा आईच्या खांद्यावर शांत झोपली होती.

मुजफ्फरने पॅनल छपरावर चढवलं. 

जाहेदा आजही त्याच्याशी कामापुरतंच बोलते. पाड्यावरून पॅनल चोरलं म्हणून नवऱ्यावर राग आहे, असं सगळ्यांना सांगते.

वायर कुणी उपटली, ते तिने मला एकदाच सांगितलं. हुमाला थोपटताना, अगदी हळू.

आणि मग विचारलं... "दुसरी आई असती तर तिने काय केलं असतं?"