आवरलेल्या खोलीतली मुलाखत

ध्वनिमुद्रण ऐकताना कृत्तिकाचा चेहरा पडला. शाल्मली आत्या तिच्यासमोर हातभर अंतरावर बसून बोलली होती, आणि यंत्रातून मात्र तिचा आवाज कोरड्या विहिरीतून यावा तसा येत होता. बोलताना तर तो असा मुळीच वाटला नव्हता.

दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता प्रक्षेपण तळाची गाडी आत्याला न्यायला येणार होती. तिथे पंधरा दिवस एकांतवास (कुणाचा सर्दी-ताप यानात जाऊ नये म्हणून सगळ्यांपासून दूर राहणं), आणि मग मंगळ. तिथल्या वसाहतीत सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रं सांभाळायला ती तीन वर्षांसाठी निघाली होती. मंगळ लांब गेला की इथला शब्द तिथे पोचायला वीस-बावीस मिनिटं लागतात आणि उत्तर यायला तेवढीच. निरोप धाडता येतात, गप्पा मारता येत नाहीत. ‘कानगोष्ट’ या शाळेच्या पॉडकास्टचा हा पहिला भाग कृत्तिकाकडे होता, आणि आज जमला नाही तर तीन वर्षं जमणार नव्हता.

तयारीत तिने काही म्हणता काही कमी ठेवलं नव्हतं. पॉडकास्टची पाहुणी बसणार म्हणून खोली लख्ख केली होती. पडदे धुवायला, सतरंजी गच्चीवर, गाद्या-उशा आजीच्या खोलीत. टेबलावर घरचा चिवडा आणि बशीच्या पलीकडे माइक. आठवडाभर आधी आत्याला बारा प्रश्न पाठवले होते. आत्याला कामातून सवड नसते म्हणून बाराही उत्तरं कृत्तिकानेच लिहून दिली होती, आणि आत्याने ती शहाण्या मुलीसारखी पाठ केली होती.

“पंतोजी, माइक बिघडलाय,” कृत्तिका म्हणाली.

पंतोजी म्हणजे घरातला यंत्रमानव. त्याला शिकवायची भारी खोड, म्हणून आत्यानेच त्याचं हे नाव ठेवलं होतं.

“माइक ठणठणीत आहे, कृत्तिकाताई. आवाज तेव्हाही घुमतच होता. मला ऐकू आला.”

“मग मला कसा नाही आला?”

“तुम्हाला मेंदू आहे म्हणून. एक टाळी वाजवा.”

तिने वाजवली. टाळी संपली तरी तिची झणझण क्षणभर मागे रेंगाळली. आता मुद्दाम कान दिल्यावर ती कळली.

“आवाज सगळीकडे पसरतो,” पंतोजी म्हणाला. “थोडा थेट कानावर येतो. बाकीचा भिंतीवर, फरशीवर, छतावर आपटून मागाहून येतो. याला परावर्तन म्हणतात (चेंडू भिंतीवरून परततो तसं आवाजाचं परतणं). आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर धावतो. भिंत दोन मीटरवर असली, तर जाऊन यायला सेकंदाचा पंच्याऐंशीवा भाग पुरतो. इतक्या थोड्या उशिराने आलेला आवाज मेंदू पहिल्या आवाजातच जमा करून टाकतो. माइक आणि मी बापडे येईल ते सगळं टिपतो.”

“रोज नाही घुमत तो या खोलीत.”

“रोज इथे गाद्या असतात. कापसाच्या तंतूंत हलणारी हवा घासली जाते आणि आवाजाची ऊर्जा किंचितशा उष्णतेत बदलते. याला ध्वनिशोषण म्हणतात (आवाज पिऊन टाकणं). तो पिणारं सगळं सामान आपण बाहेर काढलं.”

“मग आधी का नाही बोललास?”

“तुम्ही खोली आवरायला सांगितलीत. मत विचारलं नाहीत.”

आत्या हसत उठली आणि तिने स्वतःच एक गादी ओढत आणली. सतरंजी परत आली. पडदे ओलेच होते, त्यांच्या जागी गोधड्या टांगल्या. चिवडा स्वयंपाकघरात गेला आणि माइक आत्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला. अंतर निम्मं केलं की थेट आवाजाची तीव्रता चौपट होते, खोलीतला घुमारा मात्र होता तेवढाच राहतो, हे पंतोजीने गादी उचलता उचलता सांगून घेतलं.

दुसऱ्यांदा आवाज स्वच्छ आला. “मला कोणतीही भीती वाटत नाही. मंगळ हे मानवजातीचे उज्ज्वल भविष्य आहे,” आत्या म्हणत होती.

“हे मी बोलतेय की तू?” आत्याने विचारलं.

कृत्तिकाला रडू फुटायचंच बाकी राहिलं. इतक्या कष्टाने तिने आत्याच्या तोंडून स्वतःचाच निबंध वाचून घेतला होता. तिने कागद फाडला.

“पाहुण्याला विषय सांगावा, राणी. उत्तर त्याचं त्याला शोधू द्यावं,” आत्या म्हणाली. तीन वाजून गेले होते.

पंतोजीने यंत्र सुरू केलं. “आवाजाची पातळी बघायची आहे. सकाळी काय खाल्लंत?”

“थालीपीठं. चार. चौथं नको म्हटलं असतं तर आई रडली असती.”

कृत्तिकाला खरं तर यानाबद्दल विचारायचं होतं. पण तिने विचारलं, “आजी का रडली असती?”

आत्याने दाराकडे पाहिलं. पुढचा प्रश्न कृत्तिकाच्या ओठांवर आला होता, तो तिने आवरला. ते तिला फार जड गेलं.

“हल्ली आई विसरते ना,” आत्या हळूच म्हणाली. “मंगळाची भीती नाही गं वाटत. परत येऊन दारात उभी राहीन, तेव्हा ती मला ओळखेल का, याची वाटते.”

मग पाऊण तास दोघी बोलत राहिल्या. यानाबद्दल, सांडपाण्याबद्दल आणि आजीबद्दल. चार वाजता गाडी आली. जाताना आत्याने आजीला दोनदा मिठी मारली.

संध्याकाळी कृत्तिकाने आजीला आधी पहिलं ध्वनिमुद्रण ऐकवलं. “कोण गं ही बाई?” आजीने विचारलं. कृत्तिकाने ते घाईने बंद केलं. तिने शेवटचं लावलं.

आजी ऐकत राहिली. मध्येच तिने मान वर केली आणि आत्याचं लाडकं नाव घेतलं. “शमी आहे ही. बोलता बोलता नाक ओढते बघ. लहानपणापासूनची सवय. किती वेळा सांगितलं हिला...”

आजी आत्याशीच बोलू लागली, जणू आत्या समोरच बसली होती. कृत्तिकाने प्रश्न विचारला नाही. माइक हळूच आजीपासून वीतभर अंतरावर सरकवला, पंतोजीला खूण केली आणि ऐकत बसली. मंगळावर पहिला निरोप जाईल, तेव्हा त्यात आजी असणार होती.