मुक्कामाची तारीख

"वडे गार होतायत. कावळा यायचा तेव्हा येईल, तुम्ही आधी घास तर ठेवा!" मृणाल स्वयंपाकघरातून म्हणाली.

हेमंत शेवाळे तेराव्या मजल्यावरच्या गॅलरीत पान वाढून उभा होता. परदेशातल्या या बंदराच्या शहरात येऊनही त्याने वडिलांचा घास कधी चुकवला नव्हता. तो खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणाऱ्या कारखान्यात फिटर, ती वृद्धाश्रमात परिचारिका. दोघांचे परवाने वेगळे, तारखाही वेगळ्या.

"अहो, आणि मुदतवाढीचा अर्ज?"

"पित्रांत कुठं नवं काम काढतेस? आज अमावस्या. उद्या घट बसले की भरतो. व्हिसावर डिसेंबरअखेर लिहिलंय की."

पितृपक्षात आपल्याकडे शुभ कामाला पंधरा दिवस रजा असते. ती मोडायला मृणालही धजावली नाही.

हेमंत पानातला एक वडा हातात धरून "काव, काव" करत कावळ्याला बोलावू लागला. बाराचा भोंगा झाला आणि त्याची हाक मध्येच तुटली. मृणालने मान वर केली, तर गॅलरी रिकामी.

ती धावत कठड्याशी गेली आणि खाली डोकावली. रस्ता शांत होता. तेवढ्यात तिचे मनगट कुणीतरी घट्ट धरले. पाच बोटे स्पष्ट जाणवत होती, माणूस मात्र नव्हता. ती किंचाळली. मग अंगठ्यावरचा पान्याचा जुना घट्टा ओळखीचा लागला आणि तिला सगळे उमजले.

या शहरात प्रत्येकाला डोळ्यांत पातळ भिंगे आणि कानात ऐकण्याची कळी घालावीच लागे. माणसाच्या डोळ्यात मुळातच एक अंधबिंदू असतो. तिथे काहीच दिसत नाही, पण मेंदू आजूबाजूच्या चित्राने ती जागा भरून काढतो. भिंगे तीच युक्ती वापरत. ज्याचा मुक्काम संपला, त्याच्या आणि त्याच्या हातातल्या वस्तूच्या जागी ती मागची भिंत दाखवत; कळी त्याचा आवाज पुसून टाके. धरपकडीची कटकट नको, म्हणून शहराने काढलेला हा उपाय. 'नियम मोडणाऱ्यांचं असंच व्हायला हवं,' असे मृणालच एकदा वृद्धाश्रमात म्हणाली होती. आता त्या वाक्याची तिला शरम वाटली.

तिने परवाना कचेरीला फोन लावला. पलीकडच्या बाईंचे बोलणे कळी मराठीत करून ऐकवत होती.

"व्हिसावरची तारीख म्हणजे आमच्या दारातून आत यायची मुदत, बाई. आत किती दिवस राहायचं, ते उतरताना दिलेल्या मुक्काम-चिठ्ठीवर असतं. त्यांचा मुक्काम आज बाराला संपला."

"आम्ही डिसेंबरच धरून चाललो होतो हो! आता अर्ज भरला तर?"

"त्यांनी स्वतः खिडकीवर यायला हवं."

"पण खिडकीवरच्या माणसाला ते दिसणार कसे?"

"हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही," बाई म्हणाल्या.

"विचारला असेल," मृणाल म्हणाली, "ऐकू कुणाला गेला?"

फोन बंद झाला. एक कावळा कठड्यावर येऊन बसला. पानाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. मान तिरपी करून त्याने रिकाम्या हवेत चोच घातली, आणि चोचीत वडा दिसला. कावळ्याच्या डोळ्यांत भिंगे नव्हती. मेलेल्या सासऱ्यांसाठी वाढलेला घास जिवंत नवऱ्याचा ठावठिकाणा सांगत होता. मृणालला हुंदका आवरेना.

तिने बोट डोळ्याकडे नेले. भिंग काढले की तिचाही मुक्काम तत्क्षणी रद्द होणार होता. न दिसणाऱ्या हाताने तिचा हात पकडला आणि निश्चयाने खाली ओढला. ती समजली. कचेरीत भांडायला दोघांपैकी एकाचा तरी आवाज शिल्लक राहायला हवा होता.

हळूहळू पकड सैल झाली आणि हात सुटला.

"अहो?" तिने विचारले. कावळा उडून गेला होता. उद्या ती खिडकीवर जाईल, दिसेल त्याच्याशी भांडेल. पण तेव्हा हेमंत तिच्याशेजारी उभा असेल की नाही, हे तिला कोण सांगणार?