शुभमच्या रक्तातले बावीस

"सून चोरून गोळ्या देते!" नलू बसायच्या आतच गिरजाबाई सुरू झाल्या. "पुडी बांधून पोराच्या खिशात घालून राहिली होती. मी डोळ्यानं पाह्यलं."

नलू खाजगी तपास करायची. सोबत देवराव, कोर्टातले रिटायर बाबू. दोघांना सेक्टर 2 मधल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गिरजाबाईंनीच बोलावलं होतं.

दोन वर्षांमागे त्यांनी मुलाला, शुभमला, आपली किडनी दिली. ती टिकवायची गोळी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. औषध कमी पडलं तरी किडनी जाते, फार झालं तरी जाते. मागच्या तपासणीत रक्तातल्या औषधाचा आकडा अकरा निघाला, या खेपेस बावीस. आजपासून गोळी अर्धी करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"हा मेला का अनुकंपेची नोकरी तिले! आजच गोंदियाले माहेरी धाडाचं हाय."

नलूने पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. तारखेप्रमाणे बरोबर.

"पुडी मीच देल्ली," सून आम्रपाली हळूच म्हणाली. "रक्त देल्यावर घ्यासाठी. आईनं दारातच गिळाले लावली."

"मंग? बिनदवाईचा धाडू?" गिरजाबाई कडाडल्या.

शुभम म्हणाला, "दोन्ही बार आईने खिलाकेही भेजा. दोन तासांनी रक्त देल्लं. तवा सकाळची ए शिफ्ट होती, म्हणून संध्याकाळी गेलो. आता दुपारची बी शिफ्ट, तो सुबह निकल गया."

देवरावांनी मान हलवली. "दोन्हीदा दोनच तास, मग दुप्पट कसं? जास्तीची गोळी गेलीच."

"मोजणीत कुठं आहे ती?" नलू म्हणाली. "देवरावजी, पोट चोवीस तास एकसारखं चालत नाही. सकाळची गोळी भराभर रक्तात चढते, संध्याकाळी तीच रेंगाळते. म्हणून तेव्हा अकरा, आता बावीस. खरं माप गोळी घेण्याआधीचं. आम्रपाली तेच करू पाहत होती. माप चुकीच्या वेळेचं, आणि त्यावर गोळी अर्धी होणार!"

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळी पूर्ण ठेवा, ते म्हणाले. सकाळी गोळीआधी रक्त द्या.

दुसऱ्या दिवशी आकडा आला: सात. अगदी हवा तेवढा.

गिरजाबाईंनी सुनेला समोर उभं केलं.

"चूक माही. पण मी बोलली का तू तोंड शिवून बसते, हे तुही चूक. आजपासून त्याची दवाई तुह्या हाती. मी आडवी आली त मलेच दाराबाहेर उभी कर. समजलं?"