निरीक्षणपत्रांचे दोन गठ्ठे

सकाळी साडेआठला झाडलोट करणाऱ्या बाईंनी विद्यापीठातल्या शिक्षण विभागाच्या मागच्या जिन्याचं दार उघडलं आणि हातातली बादली टाकून त्या ओरडतच सुटल्या. नऊला इन्स्पेक्टरबाई हजर झाल्या.

तळाशी एक तरुणी पडली होती. तिसऱ्या मजल्यावरून, जिन्याच्या मधल्या पोकळीतून ती थेट फरशीवर आली होती. वरचा कठडा कमरेलाही पुरत नव्हता. त्याच्याजवळ तिची बॅग भिंतीला टेकवून नीट ठेवलेली होती.

"मॅडम, उडी दिसतेय," हवालदार म्हणाला.

इन्स्पेक्टरबाईंना 'दिसतेय' या शब्दाची चीड होती. वीस वर्षांच्या नोकरीत दिसलेल्या गोष्टींनीच त्यांना जास्त फसवलं होतं. डॉक्टरांनी अंदाज दिला, काल मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आसपास.

विभागप्रमुख प्रोफेसर म्हणजे तिचे मार्गदर्शक. ते खुर्चीत बसले होते, पण बसल्यासारखे दिसत नव्हते.

"काय शिकत होती ती?"

"डॉक्टरेट करत होती. दोन देशांतलं शिक्षण आणि विकास यांची तुलना."

"त्याला काय काय लागतं?"

"लेखी परीक्षा, एक परकी भाषा, मग दुसऱ्या देशातल्या शाळांत सहा महिने राहून वर्गांचं निरीक्षण. हे सगळं पुरं झालं की प्रबंध. येत्या सोमवारपर्यंत निरीक्षणपत्रं जमा करायची होती. सात वर्षं घातली पोरीनं यात."

बॅगेत निरीक्षणपत्रांचा जाड गठ्ठा होता. दर पाच मिनिटांनी मास्तर काय करतोय, मुलं काय करतायत, याच्या चौकटीत खुणा. वर नुसता तारीख-वाराचा शिक्का.

"यावर नाव कुणाचंच नाही?"

"मुलांची ओळख फुटू नये म्हणून नाव नाही, गाव नाही. जमा करताना हेडक्लार्क गठ्ठ्यावर क्रमांक टाकतात. तोवर नक्कलही काढायची नाही, असा नियम आहे."

बोलता बोलता त्यांनी पानं चाळली. मग मागे जाऊन पुन्हा चाळली. त्यांचा चेहरा उतरला.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "त्या देशात शाळांना सुट्टी शुक्रवारी असते, रविवारी वर्ग भरतात. इथं शुक्रवार भरलेत आणि रविवार कोरे आहेत. भरणारा तिकडे राहिलेलाच नाही. घरी बसून आपल्या सवयीनं खुणा ठोकल्यात."

"म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीनं फसवलं?"

प्रोफेसरांनी मान खाली घातली. उडीला कारण मिळालं होतं. हवालदाराने वही काढून लिहायलाही घेतलं.

"तिकडे आणखी कोण गेलं होतं?"

"एकच जण. दोघांची गावं मात्र वेगळी. सगळे त्याला मॉनिटर म्हणतात."

मॉनिटर तिशी ओलांडलेला, नीटनेटका गृहस्थ होता. सगळ्यांच्या अर्जांची, तारखांची काळजी वाहायची त्याला हौस, म्हणून हे नाव पडलेलं. त्याचे डोळे सुजले होते.

"शेवटची कधी भेटली?"

"परवा. फार घाबरली होती. म्हणाली, मी पकडली जाणार. मी विचारलं, कशात? तर सांगेना."

"काल संध्याकाळी सहाला तुम्ही कुठं होता?"

"पाचलाच घरी गेलो. डोकं दुखत होतं."

उत्तरं अगदी इस्त्रीची होती. बाईंनी त्याला जाऊ दिलं.

दुपारी मुलीचे वडील आले. जन्मभर मोटारी दुरुस्त केलेला माणूस. नखांतलं काळं आता निघण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांना कुणीतरी व्हरांड्यातच सगळं ऐकवलं होतं. अशा कामाला माणसं फार तत्पर असतात.

"बाई, पोर गेली ती गेली," ते म्हणाले. "पण म्हणे तिनं लबाडी केली आणि जीव दिला. हे तुम्ही कागदावर लिहिणार का?"

"अजून काही लिहिलेलं नाही, काका. तिकडे असताना तिचे फोन यायचे?"

"दर शुक्रवारी. तासभर बोलायची. तिची आई म्हणायची, रविवारी कर गं, आम्ही दोघं घरी असतो. तर म्हणे, रविवारी मला मान वर करायला फुरसत नाही."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दर शुक्रवारी? एकदाही चुकलं नाही?"

"मार्चात तापानं दवाखान्यात होती, तेव्हा मात्र रोज यायचे. बघा ना, फोनमध्ये सगळे तसेच आहेत. पुसवत नाहीत मला."

बाईंनी बघितलं. परदेशी नंबर, सहा महिने, शुक्रवारमागून शुक्रवार. आणि मार्चच्या सहा तारखेपासून चौदापर्यंत रोज.

हवालदाराने वही मिटली.

मग बाई हेडक्लार्ककडे गेल्या. निवृत्तीला चार महिने उरलेले ते गृहस्थ डोळे पुसत होते.

"दुसरा गठ्ठा आलाय का तुमच्याकडे?"

"आलाय की. काल साडेसहाला मॉनिटर देऊन गेला. मी कुलूप लावत होतो, तरी पावती घेतल्याशिवाय हलेना. दुसऱ्यांना तारखा आठवून देणारा, पण स्वतः दरवर्षी शेवटच्या दिवशी धापा टाकत येणारा माणूस, यंदा सहा दिवस आधी! मी म्हटलंसुद्धा, सूर्य कुठं उगवला रे आज?"

बाईंनी तो गठ्ठा उघडला आणि मार्च महिना काढला. मग एका कार्यालयाला फोन लावून एक माहिती मागवली. ती यायला साडेचार वाजले.

पाचला प्रोफेसरांच्या खोलीत सगळे बसले. वडील दाराजवळच्या खुर्चीत होते.

"तुमचा गठ्ठा पाहिला," बाई मॉनिटरला म्हणाल्या. "काम चोख आहे. शुक्रवार कोरे, रविवार भरलेले."

"थँक यू, मॅडम."

"फक्त मार्चात सहा ते चौदा काहीच नाही. काय झालं होतं?"

"शाळेत परीक्षा होत्या. निरीक्षणाला परवानगी नव्हती."

"त्या नऊ दिवसांत ही मुलगी तापानं दवाखान्यात होती. तेच नऊ दिवस. तुमचं गाव वेगळं, शाळा वेगळी, मग खाडा तेवढा तिचा कसा?"

"योगायोग असेल."

"असेल. मग पासपोर्टचं बोलू. तुम्ही पाच जानेवारीला देश सोडलात आणि आठ जानेवारीला परत आलात. आत्ताच लेखी आलंय. तीन दिवसांत सहा महिन्यांची निरीक्षणं कशी भरली?"

प्रोफेसर उठून उभे राहिले. "अरे, पासपोर्ट बघावा असं आमच्या नियमांत कुठं लिहिलेलंच नाही..."

"ते यालाही पाठ होतं. सगळे नियम पाठ होते," बाई म्हणाल्या. "घरी बसून याने गठ्ठा भरला आणि रविवार कोरे ठेवले. दोघांची पत्रं ताडून बघताना तिच्या ते लक्षात आलं. मग याने एका दगडात दोन पक्षी मारले. आपला खोटा गठ्ठा तिच्या बॅगेत घातला, म्हणजे जीव द्यायला कारण झालं. तिचा खरा गठ्ठा घेतला, म्हणजे याची डॉक्टरेट झाली. आयत्या बिळावर नागोबा! फक्त तिच्या कष्टांबरोबर तिचा तापही आपल्या नावावर आला, हे कळलं नाही. आणि सहाला ती गेली, तर तिची पत्रं साडेसहाला याच्या हातात आली कुठून? हा तर पाचलाच घरी गेला होता."



"तिकडे मला एकट्याला राहवेना," मॉनिटर म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "आलो निघून. तिला म्हटलं, गप्प बस, तुझं काय जातं? तर म्हणे, बुधवारपर्यंत सरांना तू स्वतः सांग, मी सोबत येते. नाहीतर मला सांगावं लागेल. काल जिन्यात पुन्हा हात जोडले. ती ऐकेना. माझी पत्रं माझ्याजवळच होती; तिची घ्यायला मी बॅग ओढली, तिनं सोडली नाही... मग मी ढकललं."

"आणि मग बॅग भिंतीला टेकवून ठेवलीत."

तो रडायला लागला. बाईंना त्याची दया आली नाही. हवालदाराने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

खोली रिकामी झाली तरी वडील हलले नाहीत.

"रविवारी आली होती घरी," ते म्हणाले. "जेवताना विचारलं तिनं, बाबा, एखाद्याची चोरी कळली तर लगेच बोंब मारायची की आधी त्याला संधी द्यायची? मी म्हटलं, संधी द्यावी बाळ. माणूस चुकतो. मीच म्हटलं हो."

बाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. सांत्वनाचं काही बोलल्या असत्या तर ते खोटं झालं असतं.

"हे कागदावर येणार नाही, काका," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याची गरज नाही."

"नाही, लिहा," वडील म्हणाले. "मी काय सांगितलं ते सोडून द्या. पण तिनं त्याला संधी दिली होती, एवढं लिहा. सकाळपासून तिला सगळे लबाड म्हणतायत."

बाईंनी हवालदाराकडून वही मागून घेतली. त्याच्याकडे न देता त्या स्वतः लिहायला बसल्या. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाक्य वडिलांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी सांगितलं म्हणून पुन्हा एकदा वाचलं.